बेडफर्ड स्क्वेअरची रांग कशी वाचावी: लंडनच्या जुन्या टेरेस घरांची ओळख

मराठी कानाला ‘टेरेस’ म्हटले की गच्ची आठवते, वाळवणे घालायची किंवा उकाड्यात अंथरूण टाकायची. त्यामुळे लंडनच्या ‘टेरेस हाऊस’विषयी ऐकून कोणी मान वर करून गच्ची शोधू लागला, तर त्याची निराशाच होईल. तिथे टेरेस म्हणजे एका रेषेत, भिंतीला भिंत लावून, एकाच आराखड्यानुसार उभारलेली घरांची ओळ. आपल्याकडच्या ‘रो हाऊस’शी तिचे दूरचे नाते आहे. मात्र अठराव्या शतकातील लंडनमध्ये ही ओळ गरिबांपासून उमरावांपर्यंत सर्वांच्या राहण्याची सर्वसाधारण रीत होती. खुद्द १०, डाउनिंग स्ट्रीट हे ब्रिटिश पंतप्रधानांचे निवासस्थानसुद्धा मुळात अशाच ओळीतले घर आहे.

लंडनला शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे गेलेल्या मराठी माणसाला ही घरे रोज दिसतात आणि बहुधा सगळी सारखीच वाटतात. ती सारखी का वाटतात आणि त्या सारखेपणात काय पाहायचे असते, हे समजावे यासाठी हा लेख आहे. मी उदाहरण म्हणून ब्लूम्सबरीतील बेडफर्ड स्क्वेअर घेतला आहे, कारण चौकाच्या चारही बाजू शाबूत आहेत आणि टॉटनहॅम कोर्ट रोड स्थानकातून पाच मिनिटांत तिथे पोहोचता येते. ब्रिटिश म्युझियम पाहायला जाणारे बहुतेक पाहुणे त्याच्या शेजारून निघून जातात.

पहिली पायरी: ऋतू आणि वेळ

चौकाच्या मधोमध लंबगोल बाग आहे आणि तिथे मोठे वृक्ष आहेत. ही बाग खासगी आहे. ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांनाच एरवी आत जाता येते. उन्हाळ्यात झाडांच्या पानांमुळे समोरची बाजू झाकली जाते, म्हणून नोव्हेंबर ते मार्च हा काळ थंडी सोसूनही निवडावा. उत्तरेकडची रांग दक्षिणाभिमुख असल्याने दुपारचे तिरपे ऊन तिच्यावर पडते आणि विटांच्या दरजा, कमानींच्या कडा, दगडावरचे कोरीव काम उठून दिसते. छोटी दुर्बीण असल्यास उत्तम. घरांमध्ये आता बहुतेक कार्यालये आणि संस्था आहेत. पदपथावरून हवे तितके पाहावे, पण तळघराच्या खिडकीतून आत डोकावण्याचा मोह आवरावा.

दुसरी पायरी: घर नंतर, आधी रांग

नवखा माणूस लगेच एखाद्या दाराजवळ जातो. तसे करू नये. आधी बागेच्या कठड्याला पाठ लावून उभे राहावे आणि एक संपूर्ण बाजू डावीकडून उजवीकडे नजरेखालून घालावी. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो, तेव्हा मला ती एकच लांबलचक सरकारी इमारत वाटली होती आणि दारे मोजू लागल्यावर ती डझनभर घरे असल्याचे लक्षात आले. ही फसगत मुद्दाम घडवून आणलेली आहे. मधल्या घरांना पांढरा गिलावा देऊन, त्यांच्यावर भिंतीला चिकटलेले आयोनिक (माथ्याला गुंडाळीची नक्षी असलेले, ग्रीक धाटणीचे) अर्धस्तंभ बसवून आणि माथ्यावर त्रिकोणी शिखर चढवून त्यांना राजवाड्याच्या मध्यभागाचे रूप दिले आहे; दोन्ही बाजूंची विटांची साधी घरे त्या राजवाड्याचे पंख होतात. प्रत्येक कुटुंबाचे दार वेगळे, जिना वेगळा, चूल वेगळी. मान मात्र साऱ्या रांगेचा मिळून एकच.

हे साधले कसे, याचे उत्तर सौंदर्यदृष्टीपेक्षा हिशेबाच्या वहीत अधिक सापडते. जमीन बेडफर्डच्या ड्यूक घराण्याची होती. १७७५ ते १७८३ या काळात चौक बांधला गेला, तेव्हा वारस अल्पवयीन असल्याने चौथ्या ड्यूकची विधवा गर्ट्रूड हिच्या हाती कारभार होता. घराण्याने स्वतः घरे बांधली नाहीत. भूखंड ९९ वर्षांच्या पट्ट्याने बांधकाम करणाऱ्यांना दिले आणि दर्शनी भाग ठरल्याप्रमाणेच असला पाहिजे अशी अट घातली. बांधणाऱ्याने भिंती आणि छप्पर उभे करून पट्टा विकायचा, घेणाऱ्याने आतली सजावट आपल्या ऐपतीप्रमाणे करायची आणि मुदत संपली की जमिनीसकट घर मूळ मालकाकडे परत जायचे, अशी ती व्यवस्था. मालकी अशी एका हाती फिरून येत राहिल्यामुळेच हा चौक आज अखंड दिसतो. जिथे मालकी विखुरली किंवा विद्यापीठासारख्या मोठ्या संस्थेला जागा हवी झाली, तिथे ब्लूम्सबरीतीलच अनेक रांगा विसाव्या शतकात पाडल्या गेल्या.

आता उत्तरेकडच्या रांगेच्या मध्यभागी दुर्बीण लावून अर्धस्तंभ मोजा. पाच भरतील. ग्रीक-रोमन वास्तुशास्त्रात शिखराखाली सम संख्येने स्तंभ असावेत आणि मधोमध मोकळी जागा किंवा दार यावे, असा दंडक आहे, कारण देवळाच्या दारात खांब कोण उभा करील? इथे मात्र शिखराच्या बरोबर मध्याखाली खांब आला आहे. तसे होण्याचे कारण सरळ आहे: या बाजूला मध्यभाग एका घराचा नसून दोन जुळ्या घरांचा आहे आणि त्यांच्यामधली सामाईक भिंत नेमकी मधोमध येते. पूर्वेकडच्या रांगेत मध्यभागी एकच रुंद घर आहे, म्हणून तिथे चारच अर्धस्तंभ आहेत आणि शास्त्रही सांभाळले गेले आहे. या आराखड्याचे श्रेय सामान्यतः वास्तुविशारद टॉमस लेव्हर्टनला दिले जाते. जाणकारांनी हा पाचवा खांब चूक म्हणून नोंदवला आहे. मला तो फार आवडतो, कारण राजवाड्याचा आव आणलेल्या रांगेने तिथे आपण घरांची ओळ असल्याची कबुली दिली आहे.

तिसरी पायरी: मजल्यांची उतरंड

रांग पाहून झाली की एका घरावर नजर स्थिरावून खालून वर जावे. तळघर पदपथाच्या पातळीखाली असते, तिथे स्वयंपाकघर. रस्त्याच्या पातळीवर जेवणाची खोली. त्याच्या वरच्या मजल्यावर दिवाणखाना, आणि म्हणून तिथल्या खिडक्या सर्वांत उंच. त्यावर निजण्याच्या खोल्या आणि अगदी वर, कठड्यामागच्या उतरत्या छपरात, नोकरमाणसे आणि मुले. खिडकीची उंची ही खोलीच्या प्रतिष्ठेची पट्टीच आहे. एकदा हे समजले की घराच्या आत पाऊल न टाकता कोण कुठे बसत होते ते सांगता येते.

१७७४ च्या बांधकाम कायद्याने घरांच्या चार प्रती ठरवल्या होत्या: पहिल्या प्रतीचे घर ८५० पौंडांहून अधिक किमतीचे आणि तळाशी ९०० चौरस फुटांहून मोठे, तर चौथ्या प्रतीचे १५० पौंडांहून कमी किमतीचे. प्रत्येक प्रतीसाठी भिंतींची जाडी ठरलेली होती. बेडफर्ड स्क्वेअर हा कायदा झाल्यानंतर लगेच बांधला गेला आणि त्यातली घरे पहिल्या प्रतीची आहेत. तिथून निघणाऱ्या गॉवर स्ट्रीटवर त्याच जमीनदाराच्या जागेत, जवळजवळ त्याच सुमारास झालेली साधी रांग दिसते. एकामागून एक दोन्ही पाहिल्यास, अलंकार काढून घेतल्यावर केवळ प्रमाणावर रांग किती तग धरते, हे कळते. अनेकांना गॉवर स्ट्रीट रूक्ष वाटतो. माझे मत तसे नाही.

चौथी पायरी: खिडकी

एकच गोष्ट नीट शिकायची झाली तर ती खिडकी असावी, कारण घराचे वय तीच सांगते.

या खिडक्या आपल्यासारख्या बिजागरीवर उघडत नाहीत. दोन तावदानी चौकटी एकमेकींपुढून वर-खाली सरकतात. त्या दोऱ्यांनी वजनांना टांगलेल्या असतात आणि वजने बाजूच्या लाकडी पेटीत लपलेली असतात. १६६६ च्या आगीत लंडनचा मोठा भाग जळाला, त्यानंतरच्या कायद्यांचा रोख दर्शनी भिंतीवरचे लाकूड कमी करण्याकडे होता. १७०७ च्या कायद्याने छपराची बाहेर आलेली लाकडी वळचण बंद केली आणि भिंत छपरापुढे कठड्यासारखी वर चढवली गेली. १७०९ च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायला लावली. १७७४ मध्ये वजनांची पेटीसुद्धा विटांच्या मागे लपवावी लागली. म्हणजे चौकट भिंतीच्या पातळीत असून पेटी पूर्ण दिसत असेल, तर घर बहुधा अठराव्या शतकाच्या प्रारंभीचे. चौकट आत असून पेटी दिसत असेल, तर मधल्या काळातले. आणि केवळ बारीक पांढरी रेघ दिसत असेल, तर १७७४ नंतरचे. नियम शहराबाहेर लागू नव्हते आणि शहरातही सगळे पाळत नव्हते, त्यामुळे हा ठोकताळा समजावा, पुरावा नव्हे. तुलनेसाठी वेस्टमिन्स्टरमधील क्वीन ॲन्स गेट किंवा स्पिटलफील्ड्समधील फूर्निए स्ट्रीट पाहावा. फूर्निए स्ट्रीटवर माळ्याच्या रुंद खिडक्याही दिसतील. तिथे रेशीम विणणाऱ्यांच्या मागांना उजेड लागत असे.

तावदानांमधील लाकडी पट्ट्याही पाहाव्यात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या दीड इंचाच्या आसपास जाड असत, शेवटी अर्ध्या इंचावर आल्या. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, मोठ्या आणि जड काचा स्वस्त झाल्या, पट्ट्या नाहीशा होऊ लागल्या, आणि जड काच पेलण्यासाठी वरच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना लाकडाची छोटी शिंगे ठेवली जाऊ लागली. जुन्या धाटणीच्या खिडकीला अशी शिंगे दिसली, तर ती नंतर बदललेली आहे असे खुशाल समजावे.

जुनी काच ओळखण्याची युक्ती अशी: काचेतून आत न पाहता काचेवर पाहावे. त्या काळी वितळलेल्या काचेचा फुगा नळीवर फिरवून त्याची मोठी चकती करत आणि तीतून तावदाने कापत, म्हणून प्रत्येक तावदान किंचित बाकदार असते. समोरच्या झाडाची फांदी प्रतिबिंबात डुगडुगत असेल, एका तावदानातून दुसऱ्यात जाताना तुटत असेल, तर ती काच जुनी. नव्या काचेत फांदी सरळ आणि निर्जीव दिसते. मी एकदा एकाच खिडकीतील बारा तावदानांपैकी नऊ जुनी आणि तीन नवी अशी मोजणी केली होती. मागून जाणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिची आठवण काढून घरात अजून हसतात.

विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की मार्गदर्शक हमखास खिडकी-कराची गोष्ट सांगतात. १६९६ ते १८५१ या काळात असा कर होता आणि तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या बुजवल्या, हे खरेच आहे. परंतु अनेक आंधळ्या खिडक्या पहिल्यापासूनच तशा आहेत: आत धुराडे किंवा सामाईक भिंत असे, बाहेर मात्र रांगेचा ताल मोडू द्यायचा नसे. बुजवलेल्या भागातील विटा आजूबाजूच्या विटांसारख्याच असतील, तर कराला दोष देऊ नये.

पाचवी पायरी: वीट, दरजा आणि गिलावा

लंडनची वीट मुळात पिवळसर असते, कारण तिथल्या मातीत खडू मिसळत. शतकभराच्या कोळशाच्या धुराने ती काळी पडली. डाउनिंग स्ट्रीटच्या दुरुस्तीत १९५८ नंतर विटा धुतल्या, तेव्हा काळी भासणारी ती भिंत पिवळी निघाली आणि लोकांच्या नजरेला सवय झालेला काळा रंग तिला मुद्दाम देण्यात आला.

हातभर अंतरावर जाऊन दरजा पाहाव्यात. चांगल्या कामात विटेच्या रंगाशी मिळताजुळता चुना आधी भरत, मग त्यावर चुन्याच्या लगद्याची पांढरी रेघ ओढत, पेन्सिलीच्या रेघेहून थोडी जाड. दुरून पाहणाऱ्याला वाटावे की विटा अत्यंत अचूक घडवल्या आहेत आणि दरजा केसासारख्या बारीक आहेत. प्रत्यक्षात विटा ओबडधोबड असत. ही लबाडीच आहे, पण तिला लागणारे कसब विलक्षण होते. खिडकीवरच्या सपाट कमानीत मात्र लबाडी नाही: तिथल्या मऊ विटा घासून पाचरीच्या आकारात आणलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये नखही शिरत नाही.

जतनाची पहिली परीक्षा इथेच होते. दरजा रुंद, राखाडी आणि कडक असतील, तर सिमेंट भरले आहे. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती अडवते. मग ओल विटेतून वाट काढते, थंडीत गोठते आणि विटेचे तोंड पापुद्र्यासारखे सुटते. आपल्याकडे चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा दिल्यावर भिंती ओल धरतात, ते दुखणे याच जातीचे आहे.

संपूर्ण गिलावा दिलेल्या रांगा पाहायच्या असल्यास रीजंट्स पार्कला वास्तुविशारद जॉन नॅशच्या आराखड्यावर झालेल्या रांगांकडे जावे. त्या नाटकाच्या पडद्यासारख्या भव्य आहेत. जवळून पाहण्यासारखे तिथे कमी आहे.

सहावी पायरी: दार आणि पायाखालची जमीन

बेडफर्ड स्क्वेअरच्या दारांभोवती एकाआड एक येणारे खडबडीत ठोकळे आहेत, जणू किड्यांनी पोखरलेले, आणि कमानीच्या माथ्यावर दाढीवाला चेहरा. हा दगड नाही. ही भट्टीत भाजलेली माती आहे. एलेनॉर कोड या बाईने १७६९ पासून लॅम्बेथमध्ये तिचा कारखाना चालवला. अडीचशे वर्षांच्या पावसानंतरही दाढीचे केस वेगवेगळे मोजता येतात, जे खऱ्या दगडात क्वचितच टिकले असते. चेहरे साच्यातून काढलेले असल्यामुळे चौकात पुन्हा पुन्हा भेटतात. ते शोधण्यात मुलांचा अर्धा तास छान जातो. दारावरचा पंख्यासारखा झरोका शोभेसाठी असला तरी त्याचे खरे काम अंधाऱ्या बोळाला उजेड देणे हे आहे.

आता खाली पाहावे. पायरीशेजारी चिखलाचे बूट खरवडायची लोखंडी पट्टी असेल. पदपथावर फूटभर व्यासाची बिडाची गोल झाकणे दिसतील; त्यांतून कोळसा थेट पदपथाखालच्या कोठीत ओतत, म्हणजे कोळसेवाल्याला घरात यावे लागत नसे. भोक इतके लहान ठेवण्यात चोराला शिरता येऊ नये हाही हेतू होता, आणि झाकणावरची नक्षी पावसात पाय घसरू नये म्हणून. कठड्याआड खाली गेलेली अरुंद मोकळी जागा तळघराला उजेड देते. रस्ता मुळात जमिनीच्या पातळीवर नव्हता: खणलेल्या मातीने आणि बांधकामाच्या राडारोड्याने तो उंच केला गेला, म्हणून घरामागची बाग बहुधा तळघराच्या पातळीवर असते. बिडाचे कठडे कुठे गायब असतील, तर दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी कापून नेलेल्यांपैकी ते असू शकतात. दगडात कापलेले खुंट राहिलेले दिसतात.

सातवी पायरी: मागची गल्ली

हे सहसा कोणी करत नाही, पण अवश्य करावे. मागच्या गल्ल्यांना ‘म्यूज’ म्हणतात. तिथे घोडे आणि गाड्या असत. पुढच्या बाजूची सारी शिस्त मागे सैल पडते: नळ, धुराडी, नंतर जोडलेल्या खोल्या आणि मजल्यांच्या मध्येच आलेली एक खिडकी, जी जिन्याच्या वळणावर उघडते. ती पाहिली की आतला आराखडा डोळ्यांपुढे उभा राहतो: प्रत्येक मजल्यावर पुढे एक खोली, मागे एक, आणि कडेने जिना. लहानमोठ्या बहुतेक घरांत हीच मांडणी आहे.

आठवी पायरी: आत जाणे

डाउटी स्ट्रीटवरील ४८ क्रमांकाच्या घरात चार्ल्स डिकन्स १८३७ ते १८३९ राहिला. आता तिथे तिकीट काढून पाहता येणारे संग्रहालय आहे. तळघरातील स्वयंपाकघरापासून माळ्यापर्यंत चढताना जिना आणि खोल्या कशा लहान होत जातात, ते पायांनाच कळते. लिंकन्स इन फील्ड्समधील वास्तुविशारद जॉन सोन याचे घर विनाशुल्क आहे, पण ते दुसऱ्यांदा पाहावे. त्याने एकमेकांशेजारची तीन घरे घेऊन आत इतके प्रयोग केले की नेहमीचे घर ठाऊक असल्याशिवाय त्याची गंमत कळत नाही. सप्टेंबरात होणाऱ्या ‘ओपन हाऊस’ महोत्सवात एरवी बंद असलेली घरेही उघडतात. एखाद्या घराविषयी अधिक हवे असल्यास इंग्लंडच्या वारसा-यादीत पत्ता घालून शोधावे. ती संगणकावर मोफत आहे आणि बेडफर्ड स्क्वेअरची घरे तिच्यात पहिल्या श्रेणीत आहेत.

एवढे झाल्यावर एखाद्या दुपारी चॉक फार्म स्थानकावर उतरून १०, किंग हेन्रीज रोड गाठावे. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तिथे स्मारक खुले झाले. बहुतेक जण थेट दाराशी जाऊन फलकाचे छायाचित्र काढतात. आपण आधी समोरच्या पदपथावर उभे राहावे, शेजारच्या घरांच्या खिडक्यांची ओळ पाहावी, मजल्यांच्या उंचीवरून दिवाणखाना कोणता ते ठरवावे, शिंगे आहेत का ते शोधावे, आणि मग रस्ता ओलांडावा.